अळीपासून चादरीपर्यंत: मराठवाड्यातल्या परसबागेतील फुलपाखरू-पतंग निरीक्षणाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात बहुतेक लोक पतंग मोजायला शिकले ते कापसाच्या शेतात. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडे आतून पोखरली आणि पुढच्या हंगामांत कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) हा शब्द गावोगावी रुळला. टेहळणीसाठी हेक्टरी ५ सापळे लावायचे. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग सापडले की नुकसानीची पातळी ओलांडली, हे गणित अनेकांना पाठ झाले. तारीख, आकडा, आभाळ कसे होते, पीक कोणत्या अवस्थेत होते, एवढे वहीत लिहायचे. आज गच्चीवर दिव्यासमोर पांढरी चादर बांधून पतंग पाहणारा माणूस जवळपास हेच लिहितो, फक्त पिकाच्या जागी झाडाचे नाव येते.

तरी सापळा आणि निरीक्षण यांत मोठा फरक आहे. सापळ्यातल्या ल्यूरमध्ये, म्हणजे गंधाच्या गोळीत, एकाच जातीच्या मादीचा गंध असतो, त्यामुळे त्याच जातीचे नर तेवढे येतात. बागेत आणखी काय काय राहते, हे त्यातून कळत नाही. त्या कामाला प्रकाश सापळा जवळचा. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे धरायला उजेडाखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे टोपले ठेवायची रीत शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्या टोपल्यात सकाळी तरंगणारे शेकडो जीव कुणी ओळखायला घेतले नाहीत, कारण ते सगळेच ‘कीड’ या एका शब्दाखाली येत होते. या भागातल्या निरीक्षणाची सुरुवात अशी वैरातून झाली आणि तिची खूण भाषेवर अजून आहे.

त्याआधीचे थोडक्यात. दिव्यावर झेपावणारा पतंग भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे आणि तिथून तो कीर्तनात, ओव्यांत उतरला. इंग्रजी अमदानीत पश्चिम भारतातली फुलपाखरे जमवण्याची हौस मुख्यतः मुंबई, कोकण आणि सह्याद्रीच्या घाटांभोवती फिरली; मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. फुलपाखरांची जी पुस्तके पुढे मराठी वाचकांच्या हाती आली, त्यांतली चित्रे बहुतेक पावसाळी जंगलांची. तरवड, नेपती, रुई आणि बाभळीच्या मुलखात उडणारी पिवळी-पांढरी फुलपाखरे त्यांत कोपऱ्यात राहिली.

आता नावांचा गुंता. तो सोडवल्याशिवाय इथल्या नोंदी वाचताच येत नाहीत.

मराठवाड्याच्या बोलीत ‘पाखरू’ म्हणजे पक्षी, फुलपाखरू आणि पतंगही. ‘बोंडअळीचं पाखरू’ म्हटले की ऐकणाऱ्याला नेमके कळते. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याच जीवाला ‘पतंग’ म्हणतात. शहरातल्या मुलाला पतंग म्हणजे संक्रांतीला उडवायचा तो. राहिला ‘पाकोळी’ हा शब्द. पक्षीनिरीक्षकांच्या मराठीत पाकोळी म्हणजे पुलाखाली, जुन्या वाड्यांच्या छताला घरटी करणारा, कोयत्यासारख्या पंखांचा वेगवान पक्षी. जुन्या घरांच्या आढ्याला लटकणाऱ्या छोट्या वटवाघळांनाही अनेक भागांत पाकोळीच म्हणतात. आणि काही ठिकाणी फुलपाखरालाही.

या गुंत्यात २०१५ चा निर्णय येऊन पडला. त्या वर्षी महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. मराठीत नाव दिले गेले ‘राणी पाकोळी’. निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. फुलपाखरू देशातल्या सर्वांत मोठ्या जातींपैकी एक, काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे, लहान पोरही एकदा पाहून विसरणार नाही असे. राज्याचा वृक्ष आंबा, प्राणी शेकरू, पक्षी हरियाल; त्या रांगेत एक कीटक आला, ही गोष्ट छोटी नव्हती. कीटकाला सरकारी मान मिळतो, हे त्यामुळे शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचले.

पण मराठवाड्यातून पाहिले की खटकते. शेकरूप्रमाणेच हे फुलपाखरूही दमट झाडीचे, सह्याद्रीच्या अंगाने रमणारे. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पाने खातात, म्हणून लिंबू-मोसंबीच्या बागा असलेल्या भागात ते येणार असे मानले जाते. प्रत्यक्षात इथल्या परसातल्या लिंबावर अंडी घालते ते लाइम बटरफ्लाय, नाहीतर कॉमन मॉर्मन. राज्य फुलपाखरू बघायला म्हणून लिंबू लावणाऱ्या घरात वर्षभर वाट पाहिली जाते आणि पानांवर रोज दिसणारी अळी ‘लिंबू खाणारी कीड’ म्हणून चिरडली जाते. मानचिन्हाचा खरा तोटा इथे आहे.

नावावरचा आक्षेप वेगळा आणि अधिक रास्त. पक्षी, वटवाघूळ आणि फुलपाखरू तिघांनाही पाकोळी म्हटले तर नोंदवहीत ‘संध्याकाळी दोन पाकोळ्या’ या ओळीला अर्थच उरत नाही. पुढे २०२० मध्ये राज्यात आढळणाऱ्या २७७ जातींच्या फुलपाखरांना मराठी नावे देण्यात आली, तेव्हा ब्लू मॉर्मनसाठी ‘नीलवंत’ हे नाव आले. त्यामुळे आता एकाच फुलपाखराची तीन नावे चालतात: बातमीत राणी पाकोळी, नव्या यादीत नीलवंत, मोबाइलच्या अॅपवर ब्लू मॉर्मन. नीलवंत हे नाव चांगले आहे, कारण ते पंखावरच्या रंगाशी बांधलेले आहे. कॉमन जेझेबेलला ‘हळदीकुंकू’ म्हणणे त्याहूनही चांगले: पंखांच्या खालच्या बाजूचा पिवळा आणि लाल रंग ज्याने पाहिला त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. मूळ इंग्रजी नावे मात्र परक्या संदर्भांची. सार्जंट, कमांडर, बॅरन, ड्यूक ही लष्करी आणि सरदारी हुद्द्यांची. मॉर्मन हे तर बहुपत्नीत्वासाठी ओळखल्या गेलेल्या एका अमेरिकी पंथावरून आलेले, कारण कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत आढळते: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोजसारखी, तिसरी क्रिमझन रोजसारखी. ईश्वरीच्या वेलीवर वाढलेली ही रोज फुलपाखरे विषारी असतात, म्हणून त्यांची नक्कल फायद्याची. कढीपत्त्याच्या एकाच झाडावर वाढवलेल्या कोषांतून दोन वेगळ्या ‘जाती’ निघाल्या असे वाटले तर गोंधळू नये.

या सगळ्या नामकरणात पतंग मागेच राहिले. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या पुढे, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. मराठीत मात्र पतंगांची नावे आहेत ती अळीची, आणि तीही पिकावरून: घाटेअळी, लष्करी अळी, उंटअळी, तंबाखूची पाने खाणारी अळी. पंख आलेल्या जीवाला स्वतःचे नाव नाही. उलट डाळिंबात शिरणारी ‘सुरसा’ ही फुलपाखराची अळी आहे आणि ते फुलपाखरू जांभळट-निळसर चमकीचे, देखणे आहे, हे डाळिंबाच्या पट्ट्यातही थोड्यांनाच ठाऊक असते.

मोसंबीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. जालना, पैठण भागात फळे पिकायला लागली की अंधार पडल्यावर रस शोषणारा पतंग येतो. टणक सोंडेने तो सालीला टाचणीएवढे भोक पाडतो. भोकाभोवती फळ सडते आणि गळते. हा पतंग बसलेला असला की वाळक्या पानासारखा, उडाला की मागच्या पंखांचा नारिंगी-पिवळा रंग आणि त्यावरच्या काळ्या खुणा दिसतात. त्याच्या अळ्या मोसंबीवर नसतातच. त्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढतात. म्हणून बागायतदारांना बांधावरच्या गुळवेली काढायला सांगितले जाते. आणि २०२० च्या साथीनंतर घरोघरच्या कुंड्यांत गुळवेल चढली. कडेला डोळ्यांसारखे ठिपके असलेली काळसर अळी गुळवेलीवर दिसली तर ती याच पतंगाची असण्याची शक्यता मोठी. घराजवळ मोसंबीची बाग असेल तर अळी फोटो काढून वेचावी. भर शहरात असाल तर वाढू द्यावी. दोन्ही सल्ले योग्य आहेत, जागा वेगळी एवढेच.

फुलपाखरे पकडायची जाळी सोडून कॅमेरा हाती येण्यामागे दोन कारणे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पुढे त्याच्या अनुसूचींत फुलपाखरेही आली, आणि अनुसूचीतले फुलपाखरू पकडणे, टाचणीने टोचून ठेवणे गुन्हा ठरले. दुसरे कारण डिजिटल कॅमेरा. रिळात ३६ चौकटी असताना पतंगावर चौकट खर्च करणे परवडत नव्हते. ती अडचण गेली. मोबाइलने उरलेले काम केले.

मोबाइलवर चिकटवायचे मॅक्रो भिंग दोन-चार सेंटिमीटरवरून फोकस होते, त्यामुळे अंडी, अळी, कोष आणि भिंतीवर झोपलेला पतंग यांनाच ते उपयोगी. जागे फुलपाखरू तेवढे जवळ येऊ देत नाही. त्यासाठी हातभर अंतरावरून दुप्पट झूम घ्यावा आणि नंतर कडा कापाव्यात. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर तिचे छिद्र (अॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ ठेवावे. जिवाचे चित्र सेन्सरवर मूळ आकाराएवढे आले तर एफ ११ वरही जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोली स्पष्ट येते, म्हणून कॅमेरा पंखाला समांतर धरणे हाच उपाय. निळ्या छोट्या फुलपाखरांची ओळख पंखाच्या खालच्या बाजूवरून ठरते. वरून काढलेला एकच सुंदर फोटो बहुधा निरुपयोगी ठरतो. पतंगाचे वरून आणि बाजूने, असे दोन तरी हवेत. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर ऊन इतके असते की फुलपाखरे सावलीत जातात, तर डिसेंबरात नऊच्या आधी ती पंख तापवत बसलेली असतात आणि फोटोला सर्वांत सोपी जातात.

चादरीची पद्धत शेतातल्या प्रकाश सापळ्यातून आली, फक्त रॉकेलचे टोपले गेले. जगभर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २०१२ पासून पतंग सप्ताह पाळतात, त्यामुळे ही पद्धत हौशी लोकांत पसरली. साधी पांढरी सुती चादर दोरीवर ताणून बांधावी, खालची हातभर कड जमिनीवर पसरावी, कारण अनेक पतंग खालीच बसतात. आधी चोक न लागणारा १६० वॅटचा पाऱ्याचा बल्ब वापरत. तो इतका तापतो की पावसाचा थेंब पडला तर काच फुटते. पारा वापरण्यावरच्या आंतरराष्ट्रीय बंधनांमुळे असे बल्ब आता मिळेनासे होत आहेत आणि जागा घेतली ती अतिनील ट्यूब व एलईडीने. पिवळसर एलईडीवर फार थोडे येतात. अतिनील दिव्याकडे टक लावून पाहू नये.

पतंग उजेडाकडे ‘ओढला’ जातो ही जुनी समजूत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हलवली. वेगवान कॅमेऱ्यांत दिसले की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात, आकाश वर असते या सवयीने, आणि त्यामुळे दिव्याभोवती गिरक्या घेत अडकतात. दिवा खालून वर सोडला तर ते उलटे होऊन पडतात. म्हणून बल्ब चादरीसमोर, चादरीच्या मध्याच्या उंचीवर टांगावा, आकाशाकडे तोंड करून नव्हे. अमावास्येच्या आसपासची ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र सर्वांत चांगली. जून ते ऑक्टोबर हा हंगाम. फोटो काढताना पांढऱ्या चादरीमुळे कॅमेरा फसतो आणि पतंग काळपट येतो, तेव्हा एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉपने वाढवावे. पालीवर लक्ष ठेवावे, ती पहिल्या तासातच येते. पहाटेआधी दिवा बंद करून चादर हलकेच झाडावी, नाहीतर कोतवाल आणि बुलबुल सकाळी तिथेच न्याहारी करायला शिकतात.

इथल्या बागांच्या घडणीत दुष्काळाचा वाटा मोठा आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या वर्षांत परसातली झाडे मेली आणि कुंड्या उरल्या. पाणी जपायची सवय मात्र राहिली. साबण नसलेले, भाज्या धुतलेले पाणी ओल्या वाळूच्या ताटलीत घातले तर फुलपाखरे तिथे ओल चोखायला बसतात. फुलांइतकीच महत्त्वाची अळीच्या खाण्याची झाडे, आणि ती या मुलखात फुकट आहेत: लिंबू, बेल, कढीपत्ता, कुंपणाला तरवड आणि वाघाटी, कोपऱ्यात एक रुई, एक एरंड. नर्सरीतून आणलेल्या रोपाला बहुधा आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, कीटकनाशक दिलेले असते. त्यावरची पहिली अळी मरते आणि घरचे लोक झाडालाच दोष देतात. अशा रोपाची नवी पालवी दोनदा खुडून टाकावी. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येते, हे तुतीवर रेशीमकिडे पाळणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे.

घोळीची भाजी बहुतेक कुंड्यांत आपोआप उगवते आणि तण म्हणून उपटली जाते. डॅनाइड एगफ्लायच्या अळ्या तिच्यावर वाढतात. या फुलपाखराचा नर काळा, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे ठिपके. मादी रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराची इतकी हुबेहूब नक्कल की फोटोत मागच्या पंखावरच्या काळ्या ठिपक्यांची संख्या पाहिल्याशिवाय ओळख पक्की करता येत नाही. कायद्याच्या जुन्या अनुसूची १ मध्ये, वाघाच्या रांगेत, हे फुलपाखरू होते.