पार्श्वभूमी: फुकुशिमाच्या प्रबोधिनीतून मेरीलँडमार्गे टोरांटोला

जानेवारी २०१६मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मेजर लीग सॉकर या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, टोरांटो एफसीने नवव्या क्रमांकावर त्सुबासा एंदोला घेतलं. टोकियोत जन्मलेला हा खेळाडू थेट जपानी क्लबातून न येता अमेरिकी विद्यापीठातून आला, याची मुळं दहा वर्षं मागे जातात.

२००६मध्ये जपान फुटबॉल संघटनेने फुकुशिमात जे-व्हिलेज या सराव केंद्रात निवासी अकादमी सुरू केली. नमुना क्लेअरफाँतेन या फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्राचा: मुलांनी वसतिगृहात राहायचं, गावातल्या शाळेत शिकायचं आणि रोज सराव करायचा. बारा वर्षांचा एंदो पहिल्याच तुकडीत होता. मार्च २०११मध्ये भूकंप, त्सुनामी आणि अणुदुर्घटना झाली. जे-व्हिलेज अणुप्रकल्पापासून जेमतेम वीस किलोमीटरवर. तिथे आपत्तीशी झुंजणाऱ्या कामगारांचा तळ पडला आणि अकादमी शिझुओकातल्या गोतेम्बाला हलवावी लागली. शाळेचं शेवटचं वर्ष तोंडावर असताना घरासारखी झालेली जागा सुटणं किती जड गेलं असेल!

परदेशी जायचं तर वयाची अट आडवी येते. फिफाच्या नियमानुसार काही अपवाद सोडता अठरा वर्षांखालील खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदवता येत नाही. दहाव्या वर्षी बार्सिलोना क्लबात गेलेल्या जपानच्या ताकेफुसा कुबोला याच नियमापायी २०१५मध्ये मायदेशी परतावं लागलं. शाळा संपवून विद्यापीठात जाणाऱ्याला ही अडचण उरत नाही. शिवाय जपानमध्ये विद्यापीठाच्या फुटबॉलला कमी लेखत नाहीत. जपानच्या राष्ट्रीय संघातला युतो नागातोमो मेजी विद्यापीठातून पुढे आला. त्याच संघातल्या काओरू मितोमाने तर कावासाकी फ्रोंताले क्लबचा प्रस्ताव बाजूला ठेवून त्सुकुबा विद्यापीठ निवडलं.

एंदो २०१२मध्ये मेरीलँड विद्यापीठात दाखल झाला. अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर इतकाच असतो. आठवड्याला बहुधा दोन सामने, बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरू शकतो, त्यामुळे खेळ धावपळीचा आणि ताकदीचा होतो. बारीक पासिंगवर वाढलेल्या मुलासाठी हे वेगळंच शिक्षण, आणि माझ्या मते उपयोगाचं. २०१३मध्ये मेरीलँड राष्ट्रीय अंतिम फेरीत नोत्र दामकडून २-१ हरलं.

ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणून जागा पक्की होत नाही. एंदोलाही टोरांटोच्या दुय्यम संघातून खेळावं लागलं. २०१९मध्ये मात्र तो पहिल्या संघाकडून पुन्हा गोल करत होता.