जपान, 1890 : पहिल्या निवडणुकीत मत देण्यासाठी काय लागायचं

1 जुलै 1890 रोजी जपानच्या प्रतिनिधीगृहाची पहिली निवडणूक झाली. लोकसंख्या सुमारे चार कोटी आणि मतदार साडेचार लाख, म्हणजे शंभरात जेमतेम एक. तो एक कोण, हे ठरवणारा कायदा राज्यघटनेसोबत 11 फेब्रुवारी 1889 लाच जाहीर झाला होता. मतदार होण्यासाठी अर्ज भरायचा नव्हता आणि फीही नव्हती. सरकारी दप्तरातल्या नोंदींवरून कचेरीच यादी बनवायची. त्यामुळे मतदाराची खरी धावपळ मे महिन्यात, यादी तपासताना व्हायची.

पात्रता

पुरुष, जपानी प्रजाजन, वय पूर्ण 25. मूळ कुटुंबनोंदणी त्याच प्रांतात हवी आणि यादी बनण्याच्या तारखेआधी किमान एक वर्ष तिथे वास्तव्य हवं. शिवाय त्याच प्रांतात वर्षाला किमान 15 येन प्रत्यक्ष राष्ट्रीय कर भरलेला हवा : जमिनीचा सारा असेल तर सलग एक वर्ष, प्राप्तिकर असेल तर सलग तीन वर्षं.

बहुतेकांचं घोडं या 15 येनपाशी अडायचं. सारा जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या अडीच टक्के होता, म्हणजे किमान 600 येन किमतीची जमीन नावावर हवी. नुसत्या प्राप्तिकरावर पात्र व्हायचं, तर दीड टक्क्याच्या दराने वर्षाचं उत्पन्न हजार येन लागे. शहरातला शिकलेला नोकरदार बाहेर आणि गावचा जमीनदार आत, हे चित्र या गणितातूनच तयार झालं. कूळ कितीही कसत असलं तरी सारा मालकाच्या नावे जमा होई, त्यामुळे कुळाला मत नाही. दारूभट्टीवाल्याची गंमत वेगळीच : तो मद्यकरापोटी सरकारी तिजोरीत भरपूर भर घाली, पण तो अप्रत्यक्ष कर, म्हणून शून्य धरला जाई. प्रांताचे स्थानिक करही मोजत नसत.

जमीन दोन प्रांतांत विभागलेली असेल, तर दोन्हीकडचा सारा एकत्र धरत नसत. एकाच प्रांतात वेगवेगळ्या गावांत असेल तर चाले. वडिलांच्या घरात राहणाऱ्या कर्त्या मुलाच्या नावे जमीन नसेल, तर त्याला मत नाही. मात्र घराचा वारसा नुकताच आला असेल, तर आधीच्या मालकाने त्या जमिनीवर भरलेला कर वारसाच्या खाती धरला जाई.

स्त्रियांना मताधिकार नव्हताच. सेवेतले लष्करी व नौदलाचे लोक आणि सरदार घराण्यांचे कुटुंबप्रमुखही बाहेर; सरदारांसाठी वरचं सभागृह होतं. दिवाळखोर आणि शिक्षा भोगून तीन वर्षं न झालेलेही अपात्र. होक्काइदो आणि ओकिनावात ही निवडणूक झालीच नाही.

यादी आणि हरकत

दरवर्षी 1 एप्रिलच्या स्थितीनुसार गावप्रमुख यादीच्या दोन प्रती काढी आणि 20 एप्रिलपर्यंत वरच्या कचेरीत पाठवी. 5 मेपासून 15 दिवस यादी सर्वांना पाहायला खुली. नाव गळलं असेल किंवा अपात्र माणसाचं नाव घुसलं असेल, तर याच मुदतीत पुराव्यासह हरकत द्यायची. पुरावा म्हणजे कर भरल्याची पावती आणि जमिनीच्या सरकारी नोंदवहीतला उतारा. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखंच काम. जुने जमीनपट्टे 1889 मध्ये रद्द झाले होते, तेव्हा नव्या नोंदवहीत नाव नीट चढलंय ना, हे आधीच पाहून ठेवणं शहाणपणाचं. निर्णय मान्य नसेल तर कोर्टाचा रस्ता होता. 15 जूनला यादी पक्की होई. त्यानंतर नाव नसलेल्याला एकच वाट उरे : नाव घालावं असा कोर्टाचा निकाल हातात घेऊन मतदानकेंद्रावर हजर व्हायचं.

मतदानाच्या दिवशी

केंद्र सकाळी 7 ते संध्याकाळी 6 उघडं. सोबत स्वतःचा शिक्का, म्हणजे सहीऐवजी उमटवायचा नावाचा ठसा, न्यायला विसरू नये. मतपत्रिका तिथेच मिळे. घरून आणलेला कागद बाद. त्यावर आधी ज्याला मत द्यायचं त्याचं नाव, मग स्वतःचं नाव आणि पत्ता लिहायचा आणि शिक्का उमटवायचा. गुप्त मतदान नव्हतंच! कोणी कोणाला मत दिलं ते कागदावरच दिसायचं. लिहिता येत नसेल तर कारकून लिहून देई आणि वाचून दाखवी. शिक्का मात्र मतदाराचा. बदली माणूस पाठवता येत नसे.

मत बाद होण्याचं एक कारण म्हणजे जास्तीचं लिहिण्याची हौस. हुद्दा, पत्ता, आदरार्थी शब्द चालत. त्यापलीकडे एखादं वाक्य लिहिलं की मत गेलं. स्वतःचं नाव राहिलं तरी तेच. 257 मतदारसंघांपैकी 43 मध्ये दोन जागा होत्या आणि तिथे दोन नावं लिहायची. एकच लिहिलं तरी मत वैध, तीन लिहिली तर शेवटचं खोडलं जाई. मतं समसमान पडली तर वयाने मोठा उमेदवार जिंके.

उभं राहायचं असेल तर

उमेदवारी अर्ज नाही, अनामत नाही. वय 30 आणि 15 येनची तीच अट. वास्तव्याची अट मात्र नाही. भिक्षू, शिंतो पुजारी व इतर धर्मोपदेशक, न्यायाधीश, करवसुली अधिकारी आणि पोलीस यांना निवडून येता येत नसे. विचारवंत नाकाए चोमिन यांनी मूळ नोंदणी ओसाकातल्या बहिष्कृत वस्तीत हलवली आणि तिथूनच निवडून आले.

अर्जच नसल्यामुळे न विचारता निवडून आलेलाही कोणी असू शके. म्हणून निकालाची सूचना मिळाल्यावर विजेत्याने पद स्वीकारत असल्याचं मुदतीत कळवायचं. दोन ठिकाणी निवडून आला असेल तर एक जागा ठेवायची. उत्तर आलं नाही, तर त्याने पद नाकारलं असं धरत.