नवतप्यात गोधडी

नवतपा सुरू होता. टिनाच्या छपराखाली कुलरपुढे आम्ही सगळे आडवे पडलेलो आणि कोपऱ्यातून मोठी आई म्हणते, "बंद कर न बापा तो कुलर, थंडी वाजून राह्यली मले." आम्ही हसलो. तिनं खरोखर गोधडी ओढून घेतली तेव्हाही हसलो.

तिचा आवाज घोगरा झाला होता, केस गळत होते, चेहरा सुजल्यासारखा दिसे, पोट साफ होत नव्हतं. यातलं एकेक कुणालाही होतं. निंदण आणि कापूस वेचण्यात पन्नाशी गाठलेली बाई थकणारच, असं आम्ही धरून चाललो होतो, तीसुद्धा. दोनदा रक्त तपासून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त कमी होतंच, त्यात चूक नव्हती. पण मे महिन्यात थंडी का वाजते, हे कुणी विचारलं नाही. शेवटी तालुक्याच्या लॅबमधून नमुना शहरात गेला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला: थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच हा आकडा ६८. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असायला हवा.

"आईचा थायरॉइड लय वाढला," दादानं गावभर सांगितलं. खरं तर तो घटला होता.

थायरॉइड हे रोगाचं नाव नाही. कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची, वीसेक ग्रॅम वजनाची ग्रंथी प्रत्येकाला असते. जेवणातलं आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन हे संप्रेरक बनवते. हृदयानं किती भरभर चालायचं, आतड्यानं किती, अंगात ऊब किती धरायची, हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, या ग्रंथीतून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येतो. तिला मुकादम समजा. मजूर नीट काम करत असेल तर मुकादम हळू बोलतो. मजूर ढेपाळला की ओरडतो. रिपोर्टवर दिसतो तो मुकादमाचा आवाज. तो चढला की बहुतेक वेळा ग्रंथी मंदावलेली असते.

मंदावते का? पूर्वी मोठं कारण आयोडीनची कमतरता हे होतं. गळ्याला गलगंड यायचा. खाण्याच्या मिठात आयोडीन असलंच पाहिजे, हा नियम देशभर २००६ पासून आहे, पण पाट्याजवळच्या उघड्या डब्यातलं ओलसर मीठ आपलं आयोडीन हळूहळू गमावतं, तेव्हा झाकण लावा. मात्र आज भेटणाऱ्या बऱ्याच रुग्णांत दोष मिठाचा नसतो. शरीराची संरक्षण यंत्रणाच या ग्रंथीला परकं समजून कुरतडते. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ मध्ये असे रुग्ण नोंदवले, म्हणून त्यांचंच नाव या आजाराला आहे. पुरुषांपेक्षा बायकांत तो कितीतरी जास्त. यावर जास्त मीठ खाणं हा उपाय नव्हे.

उपाय म्हणजे जे संप्रेरक कमी पडतं तेच गोळीतून देणं. गोळी छोटी, स्वस्त, पण मोठी मानी आहे. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहाला किमान अर्धा तास थांबवायचं. मोठ्या आईसाठी हाच वनवास. दुसरी अडचण लोहाच्या गोळीची. लोह आणि कॅल्शियम या औषधाला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ती दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेत होती, "एकदाच काम आटपते" म्हणून. सोयाबीनही शोषण अडवतं. आपल्याकडे ते शेतात जास्त आणि ताटात कमी असतं, पण सोयावडीची भाजी असेल तर ती सकाळी नको. आणि बाटली टिनाखालच्या खिडकीत ठेवू नका. उष्णतेनं ही गोळी कमजोर होते, आणि आपला उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे.

आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ. हे औषध निम्मं व्हायलाच रक्तात साधारण आठवडा लागतो, म्हणून मात्रा बदलली की पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करतात. दिवस गेले असतील तर मात्र थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं: पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं आणि तिची गोळी बहुधा वाढवावी लागते.

दिवाळीपर्यंत मोठ्या आईचा आवाज मोकळा झाला. ते पाहून शेजारची मावशी आली. "मले बी थायरॉइडच निघाला. दे दोन गोळ्या, मंग दवाखान्यात जाईन." मोठी आई बाटली काढायला उठलीही. पण मावशीकडे नीट पाहिलं तर ती वाळली होती, भूक मात्र दुप्पट. समोर धरलेल्या हाताची बोटं थरथरत होती, छातीत धडधड, डोळे पुढे आल्यासारखे. तिचा मुकादम गप्प होता, मजूरच रात्रंदिवस राबत होता. या अवस्थेत ग्रंथीला आवरणारी वेगळी औषधं लागतात, कधी किरणोत्सारी आयोडीन, कधी शस्त्रक्रिया. ती औषधं चालू असताना ताप येऊन घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करायची असते. थायरॉक्सिन तिला दिलं असतं तर धडधड आणखी वाढली असती.

मोठ्या आईनं बाटली परत डब्यात ठेवली. "माहा कमीचा आहे न बाई," ती म्हणाली, "तुहा कायचा आहे, ते आधी इचार."