आयलेट-चिप

आयलेट-चिप : स्वादुपिंडातली लँगरहान्स द्वीपके (इंग्रजीत आयलेट, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यांच्यातून स्रवणारी साखर उतरवणारे इन्शुलीन, साखर चढवणारे ग्लुकागॉन ही संप्रेरके सेकंदा-मिनिटांच्या हिशेबाने मोजणारे प्रयोगशाळेतले सूक्ष्म साधन. काचेच्या किंवा पारदर्शक सिलिकॉन रबराच्या छोट्याशा तुकड्यात, रुंदी मायक्रोमीटरमध्ये सांगावी लागेल इतक्या बारीक नाल्या केलेल्या असतात. बोटाला टोचून वापरायचा ग्लुकोमीटर किंवा दंडावर चिकटवायचा सेन्सर यांच्याशी त्याची गल्लत होऊ नये. ती साधने साखर मोजतात. साखर वाढल्यावर स्वादुपिंडाच्या पेशी काय करतात, हे चिप मोजते.

पाउल लँगरहान्स यांनी बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना 1869 साली या द्वीपकांचे वर्णन केले. माणसाच्या स्वादुपिंडात ती सुमारे दहा लाख असतात, तरी वजनाने त्या अवयवाचा जेमतेम एक-दोन टक्केच भाग. एक द्वीपक साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरचे. ज्वारीच्या एका दाण्याच्या लांबीत वीसेक सहज मावतील. त्यातल्या बीटा पेशी इन्शुलीन, अल्फा पेशी ग्लुकागॉन आणि डेल्टा पेशी या दोन्हींना आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन स्रवतात. उंदराच्या द्वीपकात बीटा पेशी मध्यभागी दाटलेल्या आणि अल्फा पेशी कडेला असतात. माणसात त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि अल्फा पेशींचे प्रमाणही बरेच जास्त असते. उंदरावर मिळालेला निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही तो यामुळेच.

रक्तातले इन्शुलीन मोजायची सोय 1960 च्या सुमारास रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअसेमुळे, म्हणजे किरणोत्सारी खूण लावून प्रतिपिंडांनी मोजण्याच्या पद्धतीमुळे, झाली. यॅलो यांना त्यासाठी 1977 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. मात्र रक्त हा उशिराचा आणि अर्धवट साक्षीदार आहे. स्वादुपिंडातून निघालेले इन्शुलीन आधी यकृतात जाते आणि पहिल्याच फेरीत त्यातले निम्म्याच्या आसपास तिथेच संपते. म्हणून डॉक्टर सी-पेप्टाइड, म्हणजे इन्शुलीन बनताना सुटा होणारा तुकडा, तपासतात. ते इन्शुलीनबरोबर तितक्याच रेणूंनी बाहेर पडते आणि यकृत ते फारसे अडवत नाही. पण रक्तात ते बराच वेळ टिकते, त्यामुळे स्रावातले झटपट चढउतार त्यात पुसट होतात.

खरी गोम या चढउतारांतच आहे. इन्शुलीन नळाच्या धारेसारखे सलग येत नाही, साधारण पाच-पाच मिनिटांच्या उसळ्यांनी येते. साखर एकदम वाढली की पहिल्या दहा मिनिटांत एक उंच लाट उठते आणि मग हळूहळू चालणारा दुसरा टप्पा सुरू होतो. टाइप 2 मधुमेहात ही पहिली लाट लवकर हरवते. 1988 साली ओ'राहिली, टर्नर आणि मॅथ्यूज यांनी दाखवले की अशा रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांमध्येही उसळ्यांची लय बिघडलेली असू शकते. म्हणजे शुगरचा रिपोर्ट बिघडण्याच्या आधी लय बिघडू शकते. माझ्या मते या साधनांचे मोल इथेच आहे.

जुन्या पद्धतीत शेकडो द्वीपके एका नळीत ठेवून द्रव वाहू देत आणि ठरावीक वेळाने नमुना गोळा करत. शेकडोंची सरासरी निघाली की एकेकाची लय त्यात बुडते. शिवाय लांब नळ्यांतून वाहताना लाट पसरट होते. चिपमध्ये द्वीपक आणि मोजणी यांतले अंतर काही मिलिमीटरच राहते. नाली इतकी अरुंद असते की प्रवाहात भोवरे उठत नाहीत. शेजारी शेजारी वाहणारे दोन द्रव फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, मिसळतात. त्यामुळे द्वीपकाभोवतीची साखर 3 मिलिमोलवरून 11 मिलिमोलवर, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) 54 वरून 198 वर, हवी तेव्हा नेता येते.

मोजणीची युक्ती स्पर्धेची आहे. चकाकणारे रसायन जोडलेले इन्शुलीन ठरावीक प्रमाणात सोडतात आणि इन्शुलीनला पकडणारे प्रतिपिंडही (अँटिबॉडी) मोजूनमापून सोडतात. द्वीपकातून आलेले साधे इन्शुलीन त्याच प्रतिपिंडांसाठी झगडते. ते जितके जास्त, तितके चकाकणारे इन्शुलीन मोकळे राहते. मग विद्युतक्षेत्र लावले की मोकळे आणि बांधलेले इन्शुलीन वेगवेगळ्या गतीने धावते आणि काही सेकंदांत दोघांची शिखरे पडद्यावर अलग उमटतात. त्या शिखरांच्या गुणोत्तरावरून स्राव कळतो. हे सगळे चिपच्या पोटातच, पुन्हा पुन्हा होत राहते. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट केनेडी आणि मायकेल रोपर यांनी 2003 पासून ही पद्धत रुजवली. पुढे एकाच चिपवर पंधरा द्वीपके एकाच वेळी मोजली गेली.

ग्लुकागॉनचे काम याहून कठीण. ते रक्तात फारच थोडे असते, आणि त्याच पूर्वद्रव्यापासून बनलेल्या जवळच्या नात्यातल्या रेणूंना प्रतिपिंड चुकून पकडतात. तरीही ते सोडून चालत नाही. टाइप 2 मध्ये जेवणानंतर ग्लुकागॉन दबायला हवे तेवढे दबत नाही, यकृत साखर सोडत राहते, आणि पोटात भाकरी गेल्यावर साखर चढण्याचे ते एक कारण असते.

मराठवाड्याशी या विषयाचा संबंध उपकरणापेक्षा रुग्णामुळे जास्त जवळचा आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह अभ्यासानुसार भारतात 10.1 कोटी मधुमेही आहेत. ‘शुगर’ म्हटले की लठ्ठपणा डोळ्यांसमोर येतो, पण काटक बांध्याच्या शेतकरी-मजूर माणसालाही ती होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये दाखवले की तरुणपणी टाइप 2 झालेल्या भारतीय रुग्णांमध्ये इन्शुलीनची तीव्र कमतरता असलेला गट सर्वांत मोठा आहे. बीटा पेशी का कमी पडतात, हा प्रश्न म्हणून आपल्याकडे अधिक निकडीचा ठरतो, आणि तो द्वीपकापाशीच सोडवावा लागणार.

नमुन्याची अडचणही इथे ठळक आहे. रक्तपेशी फुटल्या तर त्यांतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) इन्शुलीन घटते आणि आकडा खोटा कमी येतो. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर जातो. तालुक्याच्या गावी घेतलेले रक्त वेळेत सेंट्रिफ्यूज करून बर्फात न ठेवता दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवले, तर त्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा, हे विचारायला हवे.

चिपच्या मर्यादाही लहान नाहीत. द्वीपक तिथे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांपासून तुटलेले असते. जेवणानंतर आतड्यातून येणारे, इन्शुलीनचा स्राव वाढवणारे जीएलपी-1 हे संप्रेरक त्याला आपोआप मिळत नाही. मध्यभागच्या पेशींना ऑक्सिजन अपुरा पडतो. सिलिकॉन रबर काही औषधांचे रेणू शोषून घेते, त्यामुळे औषध तपासताना फसगत होते. एक हवेचा बुडबुडा अडकला की अख्खा प्रयोग वाया जातो.

चिपचा साचा एकदा धूळमुक्त कक्षात बनवून आणला, तर पुढचे ओतकाम साध्या ओव्हनवर होते. रबराचा द्रव आणि त्याचे घट्टक दहास एक प्रमाणात ढवळायचे, निर्वातात बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून तापवायचे आणि सोलून काढायचे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ यांच्यासारख्या ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढे शिकवणे आवाक्यातले आहे. जड जाते ते जिवंत द्रव्याचे: 37 अंश तापमान आणि वीज अखंड हवी, उंदीर वापरायचे तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि मानवी द्वीपके हवी असतील तर मेंदूमृत दात्याचे स्वादुपिंड काही तासांत द्वीपके वेगळी करणाऱ्या प्रयोगशाळेत पोचायला हवे.