कठीण गोल्फ मैदानाची आखणी : पार्श्वभूमी

कठीण गोल्फ मैदान म्हणजे पाण्याने वेढलेले मैदान, ही समजूत मुख्यतः गेल्या चार-पाच दशकांत रूढ झाली. त्याआधी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे, खुरटे गवत आणि समुद्री वारा हेच खेळाडूची परीक्षा घेत. सेंट अँड्र्यूजला १७६४ मध्ये २२ होलचे (पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतच्या टप्प्यांचे) १८ झाले, तेही जमिनीचा कल पाहूनच खेळले जात.

पुढे रिसॉर्टच्या मैदानांवर सर्वाधिक प्रभाव पडला तो फ्लोरिडातील सॉग्रासचा. तेथे एका डॉलरला मिळालेल्या दलदलीच्या जागेवरील मैदान १९८० मध्ये खुले झाले आणि त्याचा सतरावा होल, ज्याचे ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पाण्यातल्या बेटासारखे आहे, आजही वादाचा विषय आहे. मूळ आराखड्यात बेट नव्हते. ग्रीनच्या एका बाजूला लहानसे तळे एवढेच योजले होते. परंतु चांगली वाळू नेमकी तेथे सापडली, मैदानाच्या इतर भागांसाठी ती उपसता उपसता मोठा खड्डा उरला, आणि रचनाकाराच्या पत्नीने, ज्या स्वतः कसलेल्या खेळाडू होत्या, ग्रीन पाण्यानेच वेढावे असे सुचवले. टीपासूनचे (पहिला फटका मारायच्या जागेपासूनचे) अंतर जेमतेम १३७ यार्ड आहे, पण वळसा घालून जायला वाट नाही. १९८२ च्या पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या सुमारास व्यावसायिक खेळाडूंनी मैदानावर कडक टीका केली. त्यानंतर अनेक ग्रीनचे उतार सौम्य करण्यात आले, बेट मात्र राहिले.

तो निर्णय त्या जागेपुरता योग्यच होता, कारण खड्डा आणि पाणी दोन्ही जागेनेच दिले होते. चूक झाली ती इतर रिसॉर्टांनी केलेल्या त्याच्या अनुकरणात. रिसॉर्टचा पाहुणा बहुधा मोठ्या हँडिकॅपचा, म्हणजे कमी कौशल्याचा, असतो. त्याच्यासाठी धाडसी वाटेशेजारी लांबची, पण सुरक्षित वाट ठेवणे हे आखणीचे खरे कसब आहे. मैदान सामान्य खेळाडूला कुशल खेळाडूच्या तुलनेत किती अवघड जाते, हे सांगणारा स्लोपचा आकडा ५५ ते १५५ या दरम्यान असतो आणि ११३ प्रमाण धरला जातो. तो वाढवण्यासाठी तळी खोदणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी विचाराचा मार्ग आहे.

मराठवाड्यात, वेरूळ वा पैठणच्या परिसरात, असे मैदान आखायचे झाल्यास हा इतिहास नीट वाचायला हवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. शिवाय काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यावर थेट ग्रीन टिकत नाही. १९६० पासून प्रचलित असलेल्या पद्धतीप्रमाणे खाली सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर द्यावा लागतो. मुरमाड माळ, कोरडे ओढे आणि बेसाल्टचे उंचवटे यांतून पुरेशी काठिण्यपातळी साधता येते. हिरवळ ग्रीन आणि टीपुरती राखून तिला प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे, आणि तेही अपुरे असेल तर देशातील कोरड्या भागांतल्या जुन्या मैदानांप्रमाणे ग्रीनऐवजी ब्राउन, म्हणजे भोकाभोवती गवताऐवजी वाळूचे पृष्ठ, करावेत.