मॉरिशसला बिऱ्हाड हलवताना: कंटेनर सगळ्यात शेवटी

आमच्याकडे फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "आम्ही दोघं रिटायर झालोय, मॉरिशसला कायमचं जायचं ठरतंय, वीस फुटी कंटेनरचे किती घेता?" भाव आम्ही सांगतोच, धंदाच तो आहे. पण गेल्या काही वर्षांत दोन बिऱ्हाडं आम्ही स्वतः न्हावाशेवाहून पोहोचवली आणि दीड-दोन वर्षांत स्वतःच परत आणली. दोन्ही वेळा पैसे आम्हालाच मिळाले, तरी बरं वाटलं नाही. म्हणून हे पत्रक सामानापासून सुरू होत नाही.

आधी भाड्याने राहून पाहा, तेही नोव्हेंबर ते एप्रिल

सहलीला गेलेली मंडळी बहुधा मे-जूनमध्ये किंवा दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि हवेच्या प्रेमात पडून येतात. तिथले ऋतू आपल्या उलटे. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा. नोव्हेंबरपासून उकाडा, दमट हवा आणि चक्रीवादळांचा हंगाम. बेटाची खरी ओळख त्या सहा महिन्यांत होते.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आधी व्हिसा न काढता जाता येतं. पर्यटकाच्या मुदतीहून जास्त राहायचं तर २०२०मध्ये सुरू झालेला प्रीमियम व्हिसा आहे. तो वर्षभरापर्यंतचा असतो, त्याला शुल्क नाही आणि निवृत्त माणसांनाही मिळतो. त्यावर एक हंगाम काढा. इथलं घर भाड्याने देऊ नका, विकू तर मुळीच नका. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा, कुंड्यांना पाणी घालायला सांगा.

वादळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलं घाबरतात आणि आईवडील हसण्यावारी नेतात. १९६०च्या कॅरोल वादळाने बेटावरची हजारो लाकडी-पत्र्याची घरं झोपवली, तेव्हापासून तिथे सपाट सिमेंटच्या छपराची घरं बांधायची रीत पडली. त्यामुळे घर पडेल ही भीती आज फारशी नसते. त्रास होतो तो वीज जाण्याचा, पाणी जाण्याचा, रस्ते तुंबण्याचा. १५ जानेवारी २०२४ला बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. हवामान खातं वर्ग १ ते ४ अशा चढत्या सूचना देतं. वर्ग ३ लागला की दुकानं, बसगाड्या बंद, सगळे घरात. भाड्याचं घर बघताना काचांना बाहेरून झडपा आहेत का, गच्चीवर पाण्याची टाकी आहे का आणि घर सखल भागात तर नाही ना, हे आधी विचारा. समुद्र किती पावलांवर आहे हे नंतर विचारलं तरी चालेल. टाकीचं सांगायचं आणखी एक कारण: वादळ नसतानाही कोरड्या महिन्यांत नळाला ठरावीक तासच पाणी येतं. आपल्याला त्यात नवं काही नाही म्हणा.

बेट लहान, पण हवा एक नाही

मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचं. तरी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक, तामारें या किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत पाऊस, आणि तासाभराच्या अंतरावर मधल्या पठारावर चार हजारांपर्यंत. त्याच पठारावरचं क्युरपिप शहर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. तिथे जुलैत स्वेटर लागतो, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते आणि ज्यांचे गुडघे बोलतात त्यांचे तिथे जास्तच बोलतात. उत्तरेकडे ग्रां बे भागात परदेशी लोक जास्त. हॉटेलं, गजबज आणि भाडंही त्याच मानाने. पूर्व किनाऱ्यावर वारा सतत अंगावर येतो.

आमचं मत विचाराल तर साठी ओलांडलेल्या मराठी जोडप्याने काथ्र बोर्न किंवा वाकोआच्या बाजूला घर बघावं. बाजार, दवाखाना चालत्या अंतरावर असतो आणि २०२०पासून धावणारी मेट्रो काथ्र बोर्नवरून पोर्ट लुईपर्यंत नेते. गाडी चालवायची झाली तर उजवं स्टिअरिंग आणि रस्त्याची डावी बाजू, आपल्यासारखीच.

वाकोआ आणि पश्चिमेकडच्या भागात मराठी वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा पट्ट्यातून मुंबई बंदरामार्गे करारावर ऊसमळ्यांत गेलेल्यांची ही नातवंडं-पणतवंडं. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन १९६०पासून आहे, शाळांतून मराठी शिकवतात, कोकणातल्या जाखडीला तिथे झाकडी म्हणतात. मात्र 'तिकडे सगळे मराठी बोलतात' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मराठी देवळात, शाळेत, कार्यक्रमात ऐकू येते. घरात आणि बाजारात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली चालते. भाजीवालीकडे कढीपत्ता मागायचा तर 'कारीपुले' म्हणा, कोथिंबीर हवी तर 'कोतोमिली'. दोन्ही शब्द तमिळांकडून आलेले. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, पण ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाला. २०२५मध्ये इथे २७ ऑगस्टला गणपती बसले आणि तिथली सुट्टी २८ला होती. दहा दिवसांचा गणपती ठेवणाऱ्या घरांनी हे लक्षात घेऊन बेत करावा.

परवाना आणि पैसे

कायम राहण्यासाठी निवृत्त परदेशी नागरिकांचा रहिवासी परवाना असतो. वय किमान ५०, मुदत १० वर्षं, अर्ज तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे. परवानाधारकावर अवलंबून असलेल्यांत पती किंवा पत्नी, २४ वर्षांपर्यंतची मुलं आणि आईवडीलही धरतात, त्यामुळे चौऱ्याऐंशीच्या आजींचं काय, हा प्रश्न सुटतो. मुख्य अट अशी की दरमहा किंवा वर्षाला ठरलेली डॉलरमधली रक्कम बाहेरून तिथल्या बँकेत आली पाहिजे. रकमेत तिथल्या अर्थसंकल्पात फेरफार होतात. अर्ज करायच्या आठवड्यात लागू असलेला आकडाच धरा, मित्राने तीन वर्षांपूर्वी भरलेला नव्हे.

गाठ बसते ती इथे. पेन्शन रुपयात, अट डॉलरमध्ये. भारतात निवासी असेपर्यंत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, तरी तोवर पैसा अडकतो. कायमचं गेल्यावर तुम्ही अनिवासी ठरता आणि बँकेतली साधी खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची रुपयातली खाती, करून घ्यावी लागतात. त्यातून पेन्शन, भाडं, व्याज ही चालू मिळकत कर भरून पाठवता येते. ठेवी किंवा घरविक्रीची मूळ रक्कम वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. आणि अनिवासी झाल्यावर घर विकलं तर घेणारा नेहमीच्या १ टक्क्याऐवजी कितीतरी जास्त टीडीएस कापून ठेवतो. यासाठी आमच्याकडे नको, आपल्या सीएकडे जा. एक बैठक पुरते.

तिथे घर विकत घेण्याची घाई तर अजिबात नको. परदेशी माणसाला वाटेल ते घर घेता येत नाही, ठरावीक योजनांतली घरं किंवा ठरावीक प्रकारच्या इमारतींतले फ्लॅटच घेता येतात. शिवाय बेट १८१०पर्यंत फ्रेंचांकडे होतं आणि दिवाणी कायदा अजून फ्रेंच वळणाचा आहे. तिथल्या स्थावर मालमत्तेत मुलांचा राखीव वाटा असतो. 'सगळं बायकोच्या नावे' असं इथल्या मृत्युपत्रात लिहून ठेवलंत तरी तिथल्या घराबाबत ते तसंच लागू होईल असं नाही. तिथल्या नोटरीशी, म्हणजे मालमत्तेचे दस्त करणाऱ्या कायदेतज्ज्ञाशी, बोलल्याशिवाय सही करू नका.

तब्येत

नेहमीच्या आजारांना सरकारी इस्पितळं आणि खासगी क्लिनिकं आहेत. अवघड शस्त्रक्रियेसाठी मॉरिशसचे लोकही भारतात येतात. म्हणून इथली आरोग्य विमा पॉलिसी बंद करू नका. ती बहुधा भारतातल्या उपचारांपुरतीच असते, पण त्याच वेळी ती लागते. मुंबईचं विमान सहा-साडेसहा तासांचं.

औषधं तीन महिन्यांची न्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं यांना तिकडे आधी परवानगी लागते. इथे मेडिकलवाला ओळखीने देतो तशी ती पर्समध्ये टाकून निघू नका. पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयातून करून घेता येतो.

आता सामान

वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. दोन बेडरूमचं घर त्यात बसतं, पण बसतं म्हणून नेऊ नये. भुशाच्या पाट्यांचं, म्हणजे पार्टिकल बोर्डचं कपाट तिथल्या दमट हवेत फुगतं. लोखंडी पलंग किनाऱ्यावर दोन वर्षांत गंजतो. सागवान, शिसवी टिकतं. फ्रिज, वॉशिंग मशीन नेण्यात अर्थ नाही. मिक्सर जरूर न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त आपली गोल तीन पिनांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. अडॅप्टरांची माळ लावण्यापेक्षा तिथे पोहोचल्यावर पिनाच बदलून घ्या.

लाकडी पेटाऱ्यांचं लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं हवं, तशी खूण म्हणून त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. आम्ही असेच पेटारे वापरतो. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलंत तरी शिक्का डोळ्यांनी बघा. बियाणं, रोपं, माती परवान्याशिवाय चालत नाही, आणि यात तुळशीची कुंडीही आली. कस्टमच्या यादीत 'घरगुती वस्तू, १ खोका' असं लिहिलं की खोका उघडलाच म्हणून समजा. 'पितळी समई २, स्टीलची पातेली ७' असं लिहा.

एक चूक आमची. सुरुवातीच्या एका खेपेत काकूंच्या आग्रहाखातर कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी गोधडीत गुंडाळून आम्ही गाद्यांच्या मध्ये ठेवली. कंटेनर उघडला तेव्हा तेल तीन गाद्यांतून उतरून त्यांच्या लग्नातल्या शालूपर्यंत पोहोचलं होतं. बरणी मात्र शाबूत, झाकणच सैल. गाद्यांचे पैसे आम्ही भरले. शालूचे काय भरणार? तेव्हापासून तेलाची, द्रव वस्तू आम्ही घेत नाही, कितीही ओळख असली तरी.

पहिल्या भेटीला येताना सामानाची यादी आणू नका. दोघांचे पासपोर्ट, पेन्शनची पासबुकं, रोजच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा, आणि मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत असेल तर त्यांनाही घेऊन या. भेटीचे पैसे नाहीत. चहा आम्ही देतो.