वाय-फाय डेस्कटॉपला, नेट लॅपटॉपला

लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड गेलंय, डेस्कटॉपला मात्र यूएसबी डोंगलवर मस्त रेंज येतेय आणि घरात लॅनची एक केबल पडून आहे, तर एवढ्यावर डेस्कटॉपचं नेट केबलने लॅपटॉपला देता येतं, नवीन काही आणायला नको. विंडोजमध्ये एका पीसीचं नेट दुसऱ्याला वाटायची ही सोय १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे, तेव्हा लोक डायल-अप मोडेमचं नेट असं वाटून घ्यायचे.

कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, वाय-फायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, पहिली टिक मारा, खाली विचारलं तर इथरनेट (म्हणजे लॅन केबलचं कनेक्शन) निवडा. टिक वाय-फायवरच मारायची, नेट जिथून येतं तिथे. बरेच जण इथेच उलटं करतात आणि मग केबलला शिव्या घालतात. केबल कुठलीही चालते हो, जुन्या कार्डांना दोन पीसी थेट जोडायला क्रॉस केबल लागायची, गिगाबिट पोर्ट आपलं आपण जुळवून घेतं.

खरी गंमत टिक मारल्यावर आत काय होतं त्यात आहे. डेस्कटॉप छोटा राउटर होतो. त्याच्या इथरनेटला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) मिळतो (एक्सपीमध्ये १९२.१६८.०.१ असायचा, तोच बऱ्याच राउटरचाही, त्यामुळे मारामारी व्हायची) आणि लॅपटॉपलाही तो त्याच रांगेतला एक पत्ता देतो, समजा १९२.१६८.१३७.५०. हे खाजगी पत्ते, बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. जुन्या आयपी पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, ते पुरणार नाहीत हे दिसत होतं म्हणून १९९० च्या दशकात अशा काही रांगा खाजगी नेटवर्कसाठी बाजूला काढून ठेवल्या.

आता लॅपटॉपवर एखादी साइट उघडली की पॅकेटवर (डेटाच्या छोट्या पुडक्यावर) लिहिलेलं असतं, पाठवणारा १९२.१६८.१३७.५०, पोर्ट ५१००० (हे पोर्ट म्हणजे केबलचं सॉकेट नाही, कुठल्या जोडणीचं पॅकेट ते सांगणारा आकडा). डेस्कटॉप ते खोडून स्वतःचा वाय-फायचा पत्ता टाकतो, समजा १९२.१६८.१.७, पोर्ट ६२०१५, आणि ही जोडी टेबलमध्ये नोंदवतो. उत्तर ६२०१५ वर आलं की टेबल बघून लॅपटॉपकडे ढकलतो. याला नॅट म्हणतात. लॅपटॉप आहे हे घरच्या राउटरला माहीतच नाही, सगळं डेस्कटॉपच करतोय असं त्याला वाटतं. मग राउटर स्वतः हेच परत करतो, म्हणजे तुमच्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाटेत निदान दोनदा बदलतो, आणि तरी ब्राउझिंगला काही फरक जाणवत नाही.

मग सरळ दोन्ही कार्डांचा ब्रिज (म्हणजे पत्ते न बदलता दोन्ही जोडून एकच नेटवर्क) का नको, असं कोणी विचारेल. वायर-वायर असेल तर ब्रिज झकास. वाय-फायचं तसं नाही. डेस्कटॉपसारखा क्लायंट वाय-फायवरून राउटरला जी फ्रेम (पॅकेटचं वरचं पाकीट) पाठवतो त्यात साधारण तीनच पत्ते असतात, राउटरचा, पाठवणाऱ्या कार्डाचा आणि जिथे जायचंय तिथला. मागे केबलवर अजून कोणी बसलंय त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लिहायला जागाच नाही, आणि राउटर तर जोडणी केलेल्या कार्डाशीच बोलतो. म्हणून ब्रिज कधी चालतो, कधी नाही, माझं मत विचाराल तर त्या नादी लागूच नका.

लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा डेस्कटॉपकडून पत्ता मिळालाच नाही, विंडोजने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. टिक काढून परत मारा. विंडोज १० मध्ये रीस्टार्टनंतर शेअरिंग गप्प बसतं तेव्हाही हाच उपाय. आणि लॅपटॉपला हाताने आयपी टाकलेला असेल तर तो काढून ऑटोमॅटिकवर ठेवा.

वाय-फायवरचा प्रिंटर लॅपटॉपला आपोआप सापडणार नाही, कारण शोधाशोधीचे मेसेज नॅट ओलांडत नाहीत, पण प्रिंटरचा आयपी टाकला तर प्रिंट निघते. उलटं, मोबाइलवरून लॅपटॉपमधली फाइल उघडायला जाल तर तो मोबाइलला दिसतच नाही. आणि डेस्कटॉप स्लीपला गेला की लॅपटॉपचं नेट गेलं, तेवढी पॉवर सेटिंग आधी बदलून घ्या.